घोड्यांचं कुंड

"घोडा किती खोल पाण्यात उभा राहतो रे, सोनू?"

भाऊसाहेब सरखोतांनी हे विचारलं तेव्हा मी पोटावर पालथा पडलो होतो. दगडी पाटात, खांद्यापर्यंत आत शिरलेला, हातात खुरपं. मोठ्या न्हाणीच्या मागच्या भिंतीतनं जो पाट येतो त्याला दोन-तीन महिन्यांत गंधकाचा पांढरा थर धरतो. तो खरवडून काढायचं काम आमच्या घराकडं, आजाच्याही आधीपासनं. नाकातोंडात तो सडक्या अंड्यासारखा वास, डोळ्यांत घाम, आणि वरनं हा असला प्रश्न.

"मला काय ठाऊक? मी काय घोडा आहे?" मी आतनंच ओरडलो.

"बाहेर ये आधी. मग सांगतो तू कोण आहेस ते."

आलो बाहेर. भाऊसाहेब कुंडाच्या कठड्यावर बसलेले, धोतराचा सोगा मांडीवर, पानाचा डबा उघडा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पान द्यायचे तर हातावर ठेवायचे, वरनं टाकायचे नाहीत. त्यांच्या आज्यानं तसं केलं नसतं.

"गावात कधी घोडा बघितलायस?"

"तालुक्याला, तंबूतल्या सिनेमात बघितलाय."

"गावात विचारतोय मी."

"गावात कुठला येतोय? आपला चढ बघा ना. बैल गुडघे टेकतो."

"तर मग आजपासनं बघितलायस," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर पान ठेवलं.

तुम्ही तापवलीला आला नसाल, म्हणून सांगतो. गावाच्या मधोमध जमिनीतनं कढत पाण्याचा झरा आहे. त्यावर भाऊसाहेबांच्या आज्यानं, रघुनाथराव खोतानं, इंग्रजांच्या काळात ही इमारत बांधली. लोक तिला मोठी न्हाणी म्हणतात. भिंती जांभ्याच्या, दोन हात जाड, चुन्यात बसवलेल्या. आत लोखंडी खांब, ते बोटीनं बंदरावर आले आणि तिथनं माणसांनी खांद्यावरनं आणले. वर दोन मजली कौलारू छप्पर. खालच्या आणि वरच्या कौलांच्या मधे हातभर फट, वाफ निघून जायला. सकाळी ऊन त्या फटीतनं आत उतरतं आणि वाफेत असं काही अडकतं, की नवखा माणूस आपसूक हात जोडतो. आत काळ्या दगडाची तीन कुंडं. पहिलं झऱ्यावरच, सगळ्यात कढत. त्याचं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. अंगाची खाज, इसब, सांधेदुखी, कशाकशासाठी लांबनं माणसं यायची. बरी झाली की पुढच्या तुळईला पितळी घंटा बांधायची. दारावर दगडात कोरलंय, ‘सकल जनांच्या आरोग्यार्थ’. मला तेव्हा धड वाचता येत नव्हतं, पण ती ओळ पाठ होती, कारण भाऊसाहेब ती प्रत्येक पाहुण्याला वाचून दाखवायचे.

आणि मागं, भिंतीच्या पलीकडं, उघड्यावर, चौथं कुंड. त्याला छप्पर नाही, खांब नाहीत. तिसऱ्या कुंडातनं सांडलेलं पाणी पाटानं त्यात यायचं. तीन कुंडांतल्या लोकांनी अंग धुतलेलं, खरूज धुतलेलं, मलम धुतलेलं. त्या कुंडात आमची वाडी. आम्हाला पूर्वी शिवत नव्हते, तर त्या पाण्यात कुठलं सोडणार? स्वातंत्र्य मिळालं, तरी पुढं पाच-सात वर्षं तसंच चाललं. मग बंद झालं. मी तेव्हा लहान होतो. मला आठवतं ते शेवाळलेलं, ओस पडलेलं कुंड, नि आम्ही पोरं त्यात बेडूक मारायचो.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. माझं वय एकोणतीस. गवंड्याच्या हाताखाली चुना कालवायचो, कधी थापी धरायचो, कधी घरी बसायचो. पदरात दोन मुली, बायको तिसऱ्यांदा गरोदर. आणि त्या साली सरकारी खात्यानं ठरवलं, की मोठी न्हाणी ही जपण्यासारखी वास्तू आहे. पुण्याहून एक साहेब आला, देवस्थळे नावाचा. तरणा, चष्मेवाला, दिवसभर टेप घेऊन भिंती मोजायचा. इमारत खात्याकडं गेली की तिथं एक पहारेकरी नेमायचा होता. कायमचा. गणवेश, रजा, म्हातारपणी पेन्शन. आमच्या वाडीत तोवर एकही माणूस कायम नव्हता कशावर. माणूस गावातला हवा आणि भाऊसाहेबांची शिफारस हवी, असं होतं.

"देवस्थळे प्रत्येक कुंडाचा उपयोग लिहून घेतोय," भाऊसाहेब म्हणाले. "आतल्या तीनचं झालं. उद्या मागचं विचारणार. मी त्याला सांगितलंय, की ते आमच्या घोड्यांचं."

"तुमचे घोडे होते?"

"नव्हते."

"मग?"

"मग काय सांगू? दारावर ‘सकल जन’ कोरलंय, नि मागं हे. पेपरवाले येतील, मंत्री येणार आहेत. आजोबांनी लाकूड विकून हे उभं केलं रे. त्यांच्या नावाला काळं लागायचं." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तुला तरी काय पाहिजे? तुझ्या पोरी उद्या शाळेत जातील. इथं खात्याचा फळा लागेल, त्यावर काय वाचायचं त्यांनी? आमचे आजे-पणजे लोकांच्या उष्ट्या पाण्यात न्हायचे?"

हे मात्र लागलं मला. खरं सांगतो, नोकरीचं तोंडाला पाणी सुटलेलं होतंच, पण ह्या बोलण्यानं मला सबब मिळाली. आपण हे पोरींसाठी करतोय, असं म्हणायला.

"माझ्यावर त्याचा विश्वास बसेल, न बसेल," भाऊसाहेब म्हणाले. "मी खोताचा नातू. पण पाट साफ करणारा माणूस बोलला, की बसेल. तुझी जीभ चालते. आणि पहारेकऱ्याच्या जागेला मी एकच नाव देणार आहे."

संध्याकाळी जेवताना बाला सांगितलं. बा म्हणजे माझा बाप, भागोजी तांबे. सत्तरीचा. जन्मभर त्या पाटात वाकून वाकून त्याची पाठ धनुष्यासारखी झालेली. ताटातनं मान वर न करता त्यानं ऐकलं.

"घोडं?" तो म्हणाला.

"हां. खोतांचे."

"बरं," बा म्हणाला, आणि माझ्या बायकोला म्हणाला, "कढी वाढ गं."

मला वाटलं, झालं. सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थळे मागं आला. त्याच्याबरोबर भाऊसाहेब. मी आदल्या दिवशी कुंडातलं शेवाळ काढून ठेवलं होतं. साहेबानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, "तांबे, तुम्ही सांगा. तुम्ही ह्या पाटात लहानपणापासनं उतरताय."

तुम्ही म्हणाला. मला आजवर गावात कोणी तुम्ही म्हटलं नव्हतं. माझी छाती दोन बोटं फुगली, आणि तिथंच माझा घात झाला.

"घोड्यांचं कुंड, साहेब," मी म्हणालो. "खोतांच्या पागेतले. चढउतारावर पाय आखडायचे त्यांचे. मग इथं गरम पाण्यात उभे करायचे, गुडघाभर."

साहेबानं पायरीला टेप लावला. "पायरी जेमतेम वीतभर रुंद आहे. इथनं घोडा कसा उतरेल?"

भाऊसाहेब खोकले. मी म्हणालो, "पायऱ्या माणसांना, साहेब. घोड्याला फळ्यांची उतरण टाकायचे. सागाच्या फळ्या. ही खोबण दिसते ना? त्यात अडकवायच्या."

ती खोबण पाट तुंबला की दगड बसवायची होती. पण बसलं बरोबर. साहेबानं खोबण मोजली, लिहून घेतली. भाऊसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं पोरानं पहिल्यांदा झाडावर चढून दाखवावं.

मग मला चेव आला. मी बोलत सुटलो. एका घोड्याचं नाव मोती, एकीचं बिजली. मोती पाण्याला भ्यायचा, त्याच्या डोळ्यांवर पोतं बांधायला लागायचं. बिजली पाण्यातनं निघायला तयार नसायची, तिला गूळ दाखवायचा. साहेब हसला. लिहिता लिहिता म्हणाला, "गूळ? वा." मी आणखी एक ठेवून दिली. आयुष्यात इतकं कोणी माझं ऐकलं नव्हतं हो, आणि लिहून तर कोणीच घेतलं नव्हतं.

साहेब मग मागच्या भिंतीपाशी गेला. बोटानं काळं शेवाळ खरवडलं. खाली पांढरा चुना दिसला. आणखी खरवडलं. मग खिशातला रुमाल ओला करून पुसायला लागला.

"तांबे, हे काय?"

पंजे होते. चुन्याचे. भिंतीभर. एकावर एक, एकाच्या बोटांत दुसऱ्याची बोटं. मोठे, बारके, अंगठा नसलेले. आमच्या वाडीतलं माणूस बरं झालं की पुढं घंटा बांधायला जायची सोय नव्हती. मग कालवलेल्या चुन्यात हात बुडवून इथं पंजा उठवायचा. मला ठाऊक होतं ते. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं बघायचं विसरलो होतो, एवढंच. शेवाळ माजलं होतं ना वर.

भाऊसाहेबांनी पिंक टाकायला तोंड फिरवलं.

"घोड्यांच्या कुंडात माणसांचे हात?" साहेबानं विचारलं.

"मोतद्दारांचे," मी म्हणालो. एवढंही थांबलो नाही. "घोडे राखणारे मोतद्दार, साहेब. घोडा बरा झाला की ते उठवायचे. घोड्याला काय हात असतात?"

"आणि हे लहान?"

"त्यांची पोरं."

साहेब पंजांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "किती मोतद्दार असतील हो? शंभरेक तरी हात आहेत."

"पिढ्या झाल्या ना साहेब," मी म्हणालो.

त्यानं वही मिटली नाही. बोटात पेन्सिल तशीच. मला कळलं, हा पुरता गिळत नाहीये. तो वळून बघायला लागला, आणि वळल्यावर त्याला बा दिसला.

बा कधी आला होता देव जाणे. पाटाच्या तोंडाशी उकिडवा बसलेला, काठी मांडीवर आडवी.

"हे कोण?" साहेबानं विचारलं.

"माझा बाप."

"अरे, मग ह्यांना विचारायला पाहिजे." साहेब चटकन जाऊन त्याच्यासमोर खाली बसला. जमिनीवर, पँटीची फिकीर न करता. "बाबा, तुम्ही बघितलेत का इथले घोडे?"

भाऊसाहेब पुढं झाले. "भागोजीला आता नीट आठवत नाही, देवस्थळे. वय झालंय."

"आठवतंय की," बा म्हणाला.

बायकोचं वाढलेलं पोट डोळ्यांसमोर आलं, दोन पोरी आल्या, तो न शिवलेला गणवेशसुद्धा आला. मी बाच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"मोती, बिजली मला म्हाईत नाय," बा म्हणाला. "ते सोनूला म्हाईत. मला एक घोडी आठवते."

साहेबानं वही मांडीवर घेतली. भाऊसाहेबांनी श्वास सोडला, मला ऐकू आला.

"सांगा ना."

"काळी-सावळी. अंगानं बारीक. कामाला वाघीण. व्याल्यावर तिला अंगभर फोड आले. आधी पोटावर, मग पाठीवर, मग डोळ्यापातूर. फुटायचे नि पाणी यायचं. अंगावर काय टेकवू द्यायची नाय. पोर प्यायला आलं की दात खायची, पण पाजायची."

"शिंगरू," साहेब म्हणाला.

"हां. शिंगरू."

"मग?"

"मग हितं आणायला लागलो. ह्या कुंडात. चाळीस दिवस सांगितले होते, रोज आणली. पहाटंला नाय, पहाटंला वर लोक असायचे. दुपारला. वरचे न्हाऊन गेले की पाणी हितं यायचं, तवा. वर कुणाची खरूज, कुणाचं गळू. ते पाणी. मी हाताच्या ओंजळीनं वरची साय बाजूला करायचो नि मग तिच्या पाठीवर सोडायचो. फोड उघडे होते ना तिचे."

साहेब लिहीत होता. "बरी झाली का?"

"नाय. वीस दिवसांनी घाण वास यायला लागला अंगाला. तिसाव्या दिवशी पायरी उतरताना बसलीच."

"वरच्या कुंडात, स्वच्छ पाण्यात नेली असती तर?"

"झाली असती बरी. वैदानं सांगितलं होतं, पहिल्या पाण्यात घाला. मी खोतांच्या पायरीशी गेलो होतो इचारायला." बानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि भाऊसाहेबांकडं बघितलं. "ह्यांचे वडील होते ओसरीवर. झोपाळ्यावर. ह्ये पण होते."

"मग काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? जनावराला कोण सोडतो आत, साहेब?"

पाटातनं पाणी पडत होतं. भाऊसाहेब कठड्याला टेकले. पानाचा डबा त्यांच्या हातातनं घसरला, सुपाऱ्या घरंगळत कुंडात गेल्या, ते वाकलेसुद्धा नाहीत.

देवस्थळेला काही कळलं नव्हतं. तो चांगला माणूस होता, जनावरांची कणव असलेला. त्यानं चष्मा काढून पुसला. "मेली का ती?"

"एकतिसाव्या दिवशी."

"आणि शिंगरू?"

"जगलं," बा म्हणाला. "शेळीच्या दुधावर."

तोवर मी ऐकत होतो तो, बा आपल्याला वाचवतोय म्हणून. म्हाताऱ्यानं बरी रंगवली, असंसुद्धा मनात आलं माझ्या. शेळीचं दूध म्हटल्यावर माझ्या कानात काहीतरी वाजलं. वाडीतल्या म्हाताऱ्या मला लहानपणी ‘शेळीचा’ म्हणायच्या. मी समजायचो, मी काटक म्हणून.

"घोडीला नाव होतं?" साहेबानं विचारलं.

"होतं तर. चंद्रभागा. आम्ही चंद्री म्हणायचो."

साहेबानं लिहिलं. मला वाचता येत नव्हतं, पण ते नाव लिहिताना त्याचा हात कसा फिरला ते मी बघितलं.

माझ्या आईचं नाव चंद्रभागा. मला ती आठवत नाही. ‘अंगावरच्या दुखण्यानं गेली’ एवढंच मला माहीत. बा तिच्याबद्दल कधी बोललाच नव्हता. एकोणतीस वर्षांत एक वाक्य नाही. आणि आता बोलला तो असा, परक्या माणसासमोर, आणि मी मधे तोंड उघडू शकत नव्हतो. उघडलं तर मोती गेला, बिजली गेली, नोकरी गेली. मी तसाच उभा राहिलो. हातात खुरपं होतं, ते सोडलंसुद्धा नाही.

साहेब उठला. बाला म्हणाला, "फार मोलाचं सांगितलंत, बाबा. अशा आठवणी कागदात कुठं सापडत नाहीत." मग मला म्हणाला, "तांबे, तुमच्या वडलांना जपा."

आम्ही घरी निघालो. बा पुढं, मी मागं. वाडीकडची जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढताना तो तीनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा माझ्यानं राहवेना.

"बा, तू खरं का नाही सांगितलंस?"

"तुझी नोकरी घालवू?"

"मग गप तरी बसायचंस. आईला घोडी कशाला केलीस?"

"मी केली?" बा म्हणाला.

तो काठीवर जोर देऊन दोन पायऱ्या चढला. मग मागं न बघता म्हणाला, "पंजा नाय तिचा भिंतीवर. बरी झाली नाय तर कसा उठवणार? फोटू नाय, कागूद नाय. आज एक माणूस वही घेऊन बसला होता. पुन्हा कोण बसणार होता तिचं नाव लिवायला?"

नोकरी लागली. भाऊसाहेबांनी शब्द पाळला. त्या दिवसानंतर मात्र ते मला कधी पान द्यायला आले नाहीत. मागच्या बाजूला तर आलेच नाहीत, मरेपर्यंत. पहिल्याच वर्षी खात्याचा हुकूम आला, की मागची भिंत साफ करून तिला नवा चुना द्या. गवंडीकाम येणारा माणूस घरचाच होता. मीच दिला. तीन हात. पंजे गेले त्याखाली. बानं कधी विचारलं नाही. तो माझ्या पगाराचं जेवला, माझ्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवलं, आणि पुढं अकरा वर्षांनी गेला. आईचा विषय पुन्हा निघाला नाही.

फळा लागला तो पितळेचा. ‘अश्वकुंड. येथे खोत घराण्यातील मोती, बिजली व चंद्री या घोड्यांवर उपचार होत असत.’ मी साक्षरता वर्गात जायला लागलो, तेव्हा घरी येऊन बायकोसमोर पहिल्यांदा हीच ओळ म्हणून दाखवली. तिला वाटलं, मला वाचता आलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

एकतीस वर्षं मी त्या फळ्याला चिंच लावून घासला. सहली यायच्या. मास्तर पोरांना ओरडून वाचून दाखवायचे. पोरं मला विचारायची, मामा, चंद्रीला शेपूट केवढं होतं? मी सांगायचो. काय सांगायचो ते नका विचारू.

निवृत्त व्हायला चार महिने होते तेव्हा खात्याच्या नव्या मॅडम आल्या, सगळे फळे नवीन करायला. तोवर भाऊसाहेबही गेले होते, भ्यायला कोणी उरलं नव्हतं. धाकट्या मुलीकडनं अर्ज लिहून घेतला आणि सगळं खरं खरं त्यात घातलं. मॅडमनी दोनदा वाचला. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"काका, हे फार मोठं आहे," त्या म्हणाल्या. "खोटी नोंद मी काढून टाकते. घोड्यांचं सगळं."

"मग तिथं काय लिहिणार?"

"सध्या ‘चौथं कुंड, उपयोग अनिश्चित’ असं लिहावं लागेल. भिंतीवरच्या पंजांचा काही फोटो?"

"नाही. मीच चुना दिला वर."

"चुना खरवडून बघता येईल?"

"तिसावर हात बसलेत आता. पंजेही चुन्याचेच. एकच झालंय सगळं."

"दुसरं कोणी सांगणारं?"

"वाडीतली जुनी माणसं गेली."

"कागद? तुमच्या आईचा मृत्यूचा दाखला, काहीही?"

"आमच्या माणसांचे तेव्हा कोण लिहीत होतं, मॅडम?"

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाल्या, "मग नुसतं नाव मला ठेवता येणार नाही हो. घोडी खोटी म्हटली, की चंद्रीही गेली. खरं कधी पुराव्यानं सिद्ध झालं तर पुन्हा घालता येईल."

बाहेर सहल आलेली होती. पोरांचा गलका चालला होता. मॅडमनी अर्ज टेबलावर ठेवला, वर शिक्का ठेवला आणि माझ्याकडं बघायला लागल्या. घाई करत नव्हत्या. बाई भली होती.

मी हात पुढं करून अर्ज उचलला. घडी घातली, वरच्या खिशात ठेवला.

"काका?"

"माझंच चुकलं, मॅडम," मी म्हणालो. "वय झालं, डोक्यात गोंधळ होतो. घोडीच होती ती."